काटकसरीने जगणारा पक्षी : अँडीजच्या माथ्यावरचे हिलस्टार

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावर झाडांची हद्द संपते आणि कायमचे बर्फ सुरू व्हायचे असते, त्या मधल्या पट्ट्याला इक्वेडोर आणि कोलंबियात पारामो म्हणतात. पेरू-बोलिव्हियाकडचा कोरडा पट्टा तो पुना. विषुववृत्त जवळ असले तरी इथे उबदार काही नाही. दिवसा ऊन अंग भाजते, दुपारी गारा पडतात आणि रात्री पारा शून्याखाली जातो. ४,००० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीवरच्या दाबाच्या सुमारे ६० टक्के उरतो. श्वासाला प्राणवायू कमी पडतो आणि पंखांना रेटायला हवाही कमी पडते.

जेमतेम आठ ग्रॅम वजनाच्या पक्ष्याने अशा ठिकाणी राहू नये, असेच कुणीही म्हणेल. त्यातून तो गुंजनपक्षी असेल तर मुळीच नाही. एका जागी तरंगत उडणे हा प्राणिसृष्टीतला सर्वांत खर्चिक व्यायाम. त्यासाठी लागणारा मध रोज मिळवावा लागतो, आणि शरीर इतके लहान की उष्णता धरून ठेवणेही कठीण. तरीही ओरेओट्रोकिलस या प्रजातीचे पक्षी, ज्यांना पक्षीअभ्यासक हिलस्टार म्हणतात, नेमके याच पट्ट्यात राहतात. इक्वेडोरचा हिलस्टार साधारण ३,५०० मीटरपासून वर बर्फरेषेपर्यंत आढळतो.

या पक्ष्याबद्दल लिहिताना 'चमत्कार' हा शब्द पटकन येतो. मात्र गेल्या सत्तर वर्षांतले संशोधन एकत्र ठेवून पाहिले तर वेगळे चित्र उभे राहते. हिलस्टार अफाट ताकदीवर जगत नाही. कुठे उडायचे नाही, कधी गारठून पडायचे, कुठल्या खडकाचा आडोसा घ्यायचा, याचा हिशेब त्याच्या शरीरात आणि सवयींत मुरलेला आहे. हा लेख त्या हिशेबाचा आढावा आहे.

कूळ आणि शोध

गुंजनपक्ष्यांचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे पाकोळ्या. २०१४मध्ये जिमी मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी जनुकीय पुराव्यांवरून या कुळाची वंशावळ मांडली. तिच्यानुसार गुंजनपक्षी पाकोळ्यांच्या शाखेपासून सुमारे ४.२ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले आणि आजच्या गुंजनपक्ष्यांचा पूर्वज सुमारे २.२ कोटी वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत होता. आज हे पक्षी फक्त अमेरिका खंडांत आढळतात. मात्र त्यांचा एक जुना नातेवाईक युरोपात राहत होता. २००४मध्ये गेराल्ड मायर यांनी जर्मनीत मिळालेल्या सुमारे ३ कोटी वर्षे जुन्या जीवाश्मांचे वर्णन केले. लांब चोच आणि तरंगायला योग्य पंख असलेला तो युरोट्रोकिलस.

दक्षिण अमेरिकेत पोहोचल्यावर या कुळाचे नशीब अँडीजशी बांधले गेले. पर्वत उंचावत गेला तशा नव्या दऱ्या, नवे उतार, नवी हवामाने तयार झाली आणि त्यांच्यासोबत नव्या जाती. आजच्या साडेतीनशेहून अधिक जातींतला मोठा वाटा याच पर्वताच्या अंगाखांद्यावर आहे. हिलस्टार ही त्यातली अगदी वरच्या मजल्यावरची शाखा. तिच्या सात जाती मानल्या जातात : इक्वेडोरचा हिलस्टार, निळ्या गळ्याचा, हिरव्या डोक्याचा, काळ्या छातीचा, अँडियन, पांढऱ्या कुशीचा आणि पाचरीसारख्या शेपटीचा. दक्षिण कोलंबियाच्या टोकापासून चिली-अर्जेंटिनापर्यंत त्या एकीपुढे एक अशा पसरल्या आहेत.

इक्वेडोरच्या हिलस्टारला शास्त्रीय नाव मिळाले ते १८४६मध्ये, देलात्र आणि बूर्सिए या फ्रेंच अभ्यासकांकडून, आणि तेही ६,२६३ मीटर उंचीच्या चिंबोराझो ज्वालामुखीवरून. त्याच्या एका उपजातीला जेम्सन यांचे नाव आहे. विल्यम जेम्सन हे क्विटोत स्थायिक झालेले स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ. त्या काळी गुंजनपक्ष्यांच्या कातड्यांना युरोपात मोठी मागणी होती. जॉन गूल्ड यांचा रंगीत चित्रांचा भव्य ग्रंथ १८४९पासून खंडाखंडाने निघू लागला तोही याच काळात. एकोणिसाव्या शतकाने या पक्ष्याचा रंग पाहिला. तो रात्र कशी काढतो, हा प्रश्न विचारायला विसावे शतक उजाडावे लागले.

रंग : एकच उधळपट्टी

इक्वेडोरच्या नर हिलस्टारचे डोके आणि गळा झळाळत्या जांभळ्या-निळ्या रंगाचे असतात, जणू त्याने टोपडे घातले आहे. गळ्याखाली काळी पट्टी, तिच्याखाली स्वच्छ पांढरे पोट, पाठ हिरवट. लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. चिंबोराझोवरच्या उपजातीत जांभळ्या गळ्याच्या मध्यभागी हिरवा चमकदार ठिपका असतो, जेम्सन उपजातीत तो नसतो. इतक्या ठळक फरकामागे मोठे जनुकीय अंतर असेल असे वाटते, पण २०१६मध्ये रॉद्रिगेस-साल्तोस आणि बोनाकोर्सो यांनी केलेल्या अभ्यासात उपजातींमधला फरक फार थोडा निघाला. गळ्याचा रंग वंशाच्या मानाने लवकर बदललेला दिसतो.

हा जांभळा रंग पिसात कुठे साठवलेला नसतो. पिसांच्या सूक्ष्म तंतूंमध्ये मेलॅनिनच्या चपट्या चकत्यांचे थर असतात आणि त्या चकत्यांच्या पोटात हवेचे बुडबुडे असतात. थरांवरून परावर्तित होणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, काही रंग विझतात आणि एकच तळपतो. डोके थोडे वळले की तोच गळा काळा दिसतो. हे गणित उलगडण्यात क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांचा मोठा वाटा आहे. ते ड्यूपाँ या रसायन कंपनीचे अध्यक्ष होते, शिक्षणाने रसायन अभियंते, आणि १९६०मध्ये त्यांनी गुंजनपक्ष्यांवर पुस्तक लिहिले.

मादीकडे यातले काही नाही. वरून मळकट हिरवी, खालून करडी-तपकिरी, गळ्यावर बारीक ठिपके. कड्याच्या सावलीत ती बसली की खडकाचाच भाग वाटते. अंडी उबवण्यापासून पिल्ले वाढवण्यापर्यंत सगळे काम तिच्या एकटीवर असल्याने न दिसणे हेच तिच्या हिताचे. हिलस्टारच्या जगात दिखाव्याचा खर्च फक्त नर करतो, आणि तोही मानेच्या वरच.

विरळ हवेत

आपल्याकडे गुंजनपक्षी नाहीत. बागेतल्या जास्वंदीवर मध पिणारा जांभळा शिंजीर पाहून पुष्कळांना तो गुंजनपक्षी वाटतो. दोघांचे नाते अगदी दूरचे. शिंजीर हा चिमणी-कावळ्यांच्या गणातला. दोघांना सारखे केले आहे ते मधाने. एक फरक मात्र ठरलेला : शिंजीर बहुतेक वेळा फांदीवर बसून मध पितो, गुंजनपक्षी तरंगत पितो. हिलस्टार नेमका हाच नियम मोडतो. तो फुलाला किंवा शेजारच्या फांदीला पायांनी घट्ट धरून बसतो आणि मग चोच घालतो. इतर गुंजनपक्ष्यांचे पाय नाजूक आणि जवळपास बिनकामाचे असतात. हिलस्टारचे पाय त्या मानाने मोठे आणि मजबूत आहेत.

यामागचे कारण उडण्याच्या खर्चात आहे. हवा विरळ झाली की तेवढेच वजन तोलायला पंखांना जास्त श्रम पडतात. डग्लस आल्टश्युलर, रॉबर्ट डडली आणि मॅकग्वायर यांनी २००४मध्ये पेरूतील अनेक जातींची तुलना केली. उंचावरच्या जातींचे पंख शरीराच्या मानाने मोठे असतात आणि त्या पंख अधिक रुंद कमानीत फिरवतात, त्यामुळे त्या तरंगू शकतात. पण राखीव ताकद कमी होत जाते. ओझे घेऊन उठायचे किंवा प्रतिस्पर्ध्याचा पाठलाग करताना एकदम वेग घ्यायचा, तर वरच्या पक्ष्याकडे शिल्लक थोडी असते. म्हणून जिथे बसता येते तिथे बसणे हा शहाणपणा ठरतो.

ऑलिव्हेशियस थॉर्नबिल नावाचा आणखी एक अँडियन गुंजनपक्षी तर याहून पुढे गेला आहे. तो जमिनीलगतच्या फुलांमधून चालत चालत खातो.

रक्तातही तयारी आहे. २०१३मध्ये जे स्टॉर्झ, ख्रिस्तोफर विट आणि सहकाऱ्यांनी अनेक जातींच्या हिमोग्लोबिनचा अभ्यास प्रसिद्ध केला. उंचावर राहणाऱ्या जातींचे हिमोग्लोबिन प्राणवायूला अधिक घट्ट धरते, त्यामुळे विरळ हवेतूनही फुप्फुसात तो पुरेसा भरून घेता येतो. विशेष म्हणजे वेगवेगळ्या शाखा स्वतंत्रपणे डोंगर चढल्या, तरी बदल पुन्हा पुन्हा त्याच दोन जागी झाला : बीटा साखळीतील १३व्या आणि ८३व्या स्थानावर, ग्लायसीनच्या जागी सेरीन.

अशी तयारी नसलेल्या पक्ष्याचे काय होते, हेही तपासून झाले आहे. ऑस्टिन स्पेन्स यांच्या गटाने कॅलिफोर्नियातील अॅना गुंजनपक्षी त्यांच्या नेहमीच्या मुलखाहून वर, ३,८०० मीटरवर नेले. तिथे तरंगताना त्यांचा चयापचयाचा वेग ३७ टक्क्यांनी घसरला. वर जाणे म्हणजे पत्ता बदलणे नव्हे, हा धडा हवामानबदलाच्या काळात लक्षात ठेवण्याजोगा आहे.

रात्रीचा हिशेब

दिवस मधावर निघतो. खरी परीक्षा बारा तासांच्या रात्रीची. न खाता, शून्याखालच्या थंडीत, ४० अंशांच्या आसपासचे शरीर तापवत राहिले तर एवढ्याशा पक्ष्याचा साठा सकाळपर्यंत पुरणे कठीण. म्हणून गुंजनपक्षी रात्री टॉर्परमध्ये जातात. शरीराची भट्टी जवळपास विझवतात. उडताना मिनिटाला हजाराच्या घरात असलेले हृदयाचे ठोके पन्नासच्या आसपास येतात. पक्षी हालत नाही, हाक ऐकत नाही, हातात घेतला तर मेलेला वाटतो.

हिलस्टारच्या रात्रीकडे शास्त्राचे लक्ष वेधले ते ऑलिव्हर पिअर्सन यांच्या १९५३च्या लेखाने. पेरूच्या उंच भागात गुंजनपक्षी गुहांमध्ये रात्र काढतात, असे त्यांनी नोंदवले. गुहेत वारा लागत नाही आणि खडक दिवसभराची ऊब हळूहळू सोडत राहतो, त्यामुळे बाहेरच्यापेक्षा तिथली हवा सौम्य असते. पुढे लिन कार्पेंटर यांनी पेरूत अँडियन हिलस्टारवर मुक्काम ठोकून काम केले. त्यांचे निष्कर्ष १९७४मध्ये 'सायन्स'मध्ये आणि १९७६मध्ये सविस्तर प्रबंधाच्या रूपात आले. हा पक्षी हिवाळ्यात नियमित टॉर्परमध्ये जातो, उन्हाळ्यात क्वचित. टॉर्पर म्हणजे उपासमारीत नाइलाजाने कोसळणे, असा जो समज होता त्याला या कामाने धक्का बसला. ऋतूनुसार आखलेली ही बचत होती.

ही बचत किती टोकाला जाऊ शकते, ते २०२०मध्ये कळले. ब्लेअर वुल्फ, अँड्र्यू मॅककेनी आणि सहकाऱ्यांनी पेरूच्या अँडीजमध्ये सुमारे ३,८०० मीटरवर सहा जातींच्या २६ पक्ष्यांचे रात्रभराचे तापमान मोजले. त्यांतल्या काळ्या मेटलटेल जातीच्या एका पक्ष्याचे शरीर ३.२६ अंश सेल्सियसपर्यंत उतरले. पक्ष्यांमध्ये, आणि हिवाळी निद्रा न घेणाऱ्या सस्तन प्राण्यांमध्येही, मोजलेले हे सर्वांत कमी तापमान. जे पक्षी जास्त वेळ टॉर्परमध्ये राहिले त्यांचे वजन सकाळी कमी घटलेले आढळले. पहाटे स्नायू थरथरवत ते मिनिटाला साधारण एक अंशाच्या वेगाने पुन्हा तापतात आणि उजाडताच फुलांवर हजर होतात. काळी मेटलटेल ही हिलस्टार नव्हे, पण पर्वत तोच आणि अडचणही तीच.

वाऱ्यातले गाणे

गाण्याचा विषय अगदी अलीकडे उघडला. २०१८ आणि २०२०मध्ये फर्नांडा ड्यूके आणि सहकाऱ्यांनी दाखवले की इक्वेडोरच्या हिलस्टारचा नर मादीला रिझवताना गातो ते गाणे सुमारे १३.४ किलोहर्ट्झच्या पट्टीत असते. बहुतेक पक्ष्यांना ९-१० किलोहर्ट्झच्या वरचे ऐकू येत नाही. वयस्कर माणसांच्या कानालाही ही पट्टी अनेकदा निसटते. मग हिलस्टारला स्वतःला तरी ऐकू येते का? या गटाने रानात गाण्याचे ध्वनिमुद्रण वाजवले, तेव्हा नरांनी मान ताणून, अंग झुकवून आवाजाचा रोख धरला. मेंदूच्या ऐकण्याशी संबंधित भागांतही त्या आवाजाने हालचाल झाल्याचे दिसले.

इतक्या उंच पट्टीमागचा फायदा समजण्यासारखा आहे. वारा, वाहते पाणी आणि इतर पक्षी यांचा गोंगाट बराच खालच्या पट्टीत असतो. हिलस्टार त्या गर्दीच्या वरून बोलतो. उंच पट्टीचा आवाज दूर पोहोचत नाही हे खरे, पण मादी समोरच असते आणि गाताना नर गळ्याची पिसे फुलवून जांभळा रंग तिच्यासमोर धरतो. एवढ्याशा अंतरासाठी दूरवर घुमणाऱ्या आवाजाची गरजच नाही.

कड्यावरचे घर

घरट्याच्या बाबतीत मात्र मादी हात आखडत नाही. सखल भागातल्या गुंजनपक्ष्यांची घरटी चिमुकल्या वाटीसारखी, फांदीवर बसवलेली असतात. हिलस्टारचे घरटे जाडजूड असते : शेवाळ, वनस्पतींचा कापूस, केस, पिसे, आणि हे सगळे कोळ्याच्या जाळ्याने खडकाला जखडलेले. जागा म्हणजे ओढ्याकाठचा कडा, गुहेचे तोंड, पुढे आलेल्या दगडाखालची खोबण. कधी पुलाखाली किंवा इमारतीच्या आडोशालाही ते सापडते. डोक्यावरचा दगड गारा अडवतो आणि उघड्या आकाशाकडे निघून जाणारी उष्णताही अडवतो.

ब्रिटनचे इक्वेडोरमधील राजदूत जी. टी. कॉर्ली स्मिथ यांनी १९६०च्या दशकात ५,८९७ मीटर उंच कोटोपाक्सी ज्वालामुखीवर या पक्ष्याचा पाठपुरावा केला आणि १९६९मध्ये 'आयबिस' या नियतकालिकात त्याबद्दल लिहिले. चांगल्या जागा मोजक्या असल्याने एकाच कड्यावर जवळजवळ घरटी आढळतात. अंडी दोन. मादी ती सुमारे तीन आठवडे उबवते आणि पिल्ले उडायला साधारण पाच आठवडे घेतात. सखल भागातल्या लहान गुंजनपक्ष्यांना उबवायला दोन आठवडे पुरतात, उडायला तीन. थंडीत वाढ सावकाश होते आणि आईला ऊब देणे आणि खाणे आणणे ही दोन्ही कामे आलटून-पालटून करावी लागतात.

एका झुडपावरचा भार

आता या सगळ्या बचतीची दुसरी बाजू. इक्वेडोरच्या हिलस्टारचा दिवस चुकिरागा या झुडपाभोवती फिरतो. सूर्यफुलाच्या कुळातले, टोकदार काटेरी पानांचे आणि नारिंगी फुलांचे हे झुडूप पारामोत खूप उंचावर वाढते. तिथले लोक त्याला गिर्यारोहकाचे फूल म्हणतात आणि औषधासाठीही वापरतात. नर या झुडपांचा तुकडा आपला मानून राखतो. मधासोबत फुलांवरचे कीटकही पोटात जातात, प्रथिनांची गरज त्यातून भागते. बदल्यात परागीकरण होते.

ही व्यवस्था जोवर टिकते तोवर उत्तम. पण चुकिरागा जळाला की हिलस्टारकडे फारसे पर्याय राहत नाहीत. पारामोत गुरांसाठी कोवळे गवत यावे म्हणून आगी लावल्या जातात. गवत लवकर परत येते. लाकडी झुडूप मात्र सावकाश वाढते, आणि इतक्या थंडीत तर फारच सावकाश.

निळ्या गळ्याच्या हिलस्टारची कथा म्हणून बोलकी आहे. २०१७मध्ये नैऋत्य इक्वेडोरच्या सेरो दे आर्कोस डोंगरावर फ्रान्सिस्को सोर्नोसा यांना एक अनोळखी हिलस्टार दिसला. २०१८मध्ये 'द ऑक' या नियतकालिकात त्याचे नवी जात म्हणून वर्णन झाले. हिलस्टार उघड्यावर राहणारे, नर डोळ्यांत भरणारे. तरीही एकविसाव्या शतकापर्यंत एक आख्खी जात नजरेआड राहिली, कारण तिचा मुलूखच सुमारे १०० चौरस किलोमीटरचा आहे. वर्णन करणाऱ्यांनी संख्या फार तर ७५० धरली. आगी, चराई आणि सोन्याच्या खाणी हे धोके तिथे आधीपासून होतेच. त्यामुळे जातीची ओळख आणि तिच्यावरच्या संकटाची ओळख एकाच वेळी झाली.

कोलंबियातील सांता मार्ता पर्वतावरच्या निळ्या दाढीच्या हेल्मेटक्रेस्टची गोष्ट याच्या जवळची. १९४६नंतर कुणाला न दिसलेला हा पारामोवासी गुंजनपक्षी २०१५मध्ये पुन्हा सापडला, तोही आगींनी पोखरलेल्या अधिवासात.

तापमानवाढीने यात भर पडते. खालचा पक्षी वर सरकू शकेल, पण वरच्याला कुठे जायचे? शिखराकडे जाताना जमीन कमी होत जाते आणि बर्फ वितळलेल्या खडकावर चुकिरागा लगेच उगवत नाही.

संवर्धनाचा विचार अनेकदा पक्ष्यांच्या संख्येपासून सुरू होतो. हिलस्टारच्या बाबतीत तो झुडूप आणि कडा यांच्यापासून सुरू व्हायला हवा. हा पक्षी थंडीला पुरून उरला, विरळ हवेला उरला, कारण त्याने खर्च कमी केला. जिथे शिल्लक ठेवायला जागाच नाही, तिथे तोच गुण कमकुवतपणा ठरतो. एका वणव्यात फुले गेली तर टॉर्पर एक रात्र वाचवील, पूर्ण हंगाम नाही. म्हणून सेरो दे आर्कोसवरचे राखीव क्षेत्र, पारामोतल्या आगींवरचे नियंत्रण, गुरांच्या पाण्यासाठी आणि चराईसाठी गावांशी केलेले करार या गोष्टी पक्षीशास्त्राच्या बाहेरच्या नाहीत. पारामो हा अँडीजमधल्या शहरांच्या पिण्याच्या पाण्याचाही स्रोत आहे. तिथले झुडूप आणि ओली माती राखणे हे माणसाच्याही सोयीचे आहे. हिलस्टारची बाजू मांडताना हा मुद्दा आधी मांडावा, रंगाचा नंतर.